तात्पुरता तोडगा : ‘नॅट’च्या मूळ टिपणाचे वाचन

शाळेच्या संगणक-कक्षातील कोणत्याही संगणकाचा आयपी पत्ता त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिला, तर तो बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा असतो. त्याच संगणकावरून ‘माझा आयपी पत्ता कोणता?’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला विचारले, तर उत्तर निराळेच येते. कक्षातल्या वीसही संगणकांवरून विचारले तरी तेच एक उत्तर. नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. पाच मिनिटांत होतो. (उत्तर लांबलचक आणि मध्ये अक्षरे असलेले आले, तर ती गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येऊ.) मुले हमखास विचारतात, की यातला खरा पत्ता कोणता?

पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर साधारण दोन ओळींत उरकलेले असते. आतला पत्ता ‘खासगी’, बाहेरचा ‘सार्वजनिक’, आणि मधला राऊटर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करतो. या रूपांतराला ‘नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन’, थोडक्यात ‘नॅट’, म्हणतात. हे चूक नाही, पण दोन महत्त्वाचे प्रश्न त्यात राहून जातात. वीस पत्त्यांचा एकच पत्ता झाला, तर बाहेरून आलेले उत्तर विसांपैकी कोणाचे हे राऊटरला कळते कसे? आणि या सोयीची किंमत कोण मोजतो? दोन्ही प्रश्नांचे धागे ज्या मूळ टिपणात सापडतात, ते आम्ही अलीकडे पुन्हा वाचले. वैज्ञानिक कल्पनेचे मूल्यमापन करायचे तर तिच्या जनकांनी काय लिहिले होते ते आधी पाहावे, असे आमचे मत आहे. म्हणून या वेळी एखाद्या पुस्तकाऐवजी त्या टिपणाचेच परीक्षण करीत आहोत.

इंटरनेटचे नियम ज्या टिपणांतून ठरत गेले त्यांना ‘आरएफसी’ म्हणतात. ‘आपले मत कळवावे’ अशा अर्थाचे नम्र नाव असलेली ही मालिका एप्रिल १९६९ पासून चालू आहे आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. तिच्यातील १६३१ क्रमांकाचे टिपण मे १९९४ मध्ये निघाले. लेखक क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस. कल्पना त्याआधीची, पॉल त्सुचिया (हेच पुढचे पॉल फ्रान्सिस) आणि टोनी एंग यांनी जानेवारी १९९३ मध्ये ती एका नियतकालिकात मांडली होती. टिपण जेमतेम दहा पानांचे आहे आणि त्याचा दर्जा प्रमाणकाचा नाही, केवळ माहितीचा आहे. ‘असे करावे’ असे ते सांगत नाही. ‘असे करता येते’ एवढेच सांगते.

प्रश्न कोणता होता? आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९८१ साली पक्क्या झालेल्या नियमांत, पत्ता ३२ बिटांचा आहे. दोनाचा ३२ वा घात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे पत्ते सव्वाचार अब्जांच्या थोडे वर. शिवाय ते सुरुवातीला मोठमोठ्या ठोकळ्यांनी वाटले गेले. संस्थेला २५६ पत्ते अपुरे पडले की पुढचा ठोकळा थेट ६५,५३६ चा. १९९० नंतर हा साठा पुरणार नाही हे स्पष्ट दिसू लागले. नवी, मोठ्या पत्त्यांची आवृत्ती तयार व्हायला वेळ लागणार होता. मधल्या काळात एकच पत्ता अनेकांनी आलटून पालटून वापरावा, हा टिपणाचा प्रस्ताव.

हे कसे होते ते समजावताना शिक्षक दोन उपमा वापरतात. पहिली ‘मार्फत’ची : पत्र शाळेच्या पत्त्यावर, मुख्याध्यापकांमार्फत अमुक शिक्षकांना. दुसरी टेलिफोनच्या ऑपरेटरची : बाहेर एक क्रमांक, आत अनेक जोडण्या. आमच्या मते दोन्ही दिशाभूल करतात, आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी करतात. ‘मार्फत’च्या पत्रावर आतल्या माणसाचे नाव लिहिलेले असते. ऑपरेटरला जोडणी-क्रमांक सांगता येतो. नॅटमध्ये बाहेरच्याला आतले नाव ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी ते लिहायला पाकिटावर जागाच नसते.

त्यापेक्षा शाळेच्या कार्यालयातली जावक नोंदवही घ्यावी. शिक्षकाने पत्र लिहून कारकुनाकडे दिले. कारकुनाने पाकिटावरचे शिक्षकाचे नाव खोडून तिथे शाळेचा पत्ता घातला, पत्राला जावक क्रमांक दिला, आणि वहीत ‘क्रमांक अमुक, पाठवणारे तमुक सर, कोणाला पाठवले’ अशी ओळ लिहिली. उत्तर येते ते ‘आपले पत्र जा. क्र. अमुक’ असा संदर्भ घेऊन. कारकून वही उघडतो, ओळ शोधतो, आणि उत्तर त्या सरांच्या टेबलावर ठेवतो. बाहेरच्याला सर कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. फक्त एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे : या कार्यालयात आवक नोंदवही नाही. ज्या पत्रावर ओळखीचा जावक क्रमांक नाही, ते न उघडता केराच्या टोपलीत जाते.

राऊटरमध्ये जावक क्रमांकाचे काम पोर्ट-क्रमांक करतो. संगणकावर एकाच वेळी अनेक संभाषणे चालू असतात. कोणते पॅकेट कोणत्या संभाषणाचे हे ओळखण्यासाठी पॅकेटवर पत्त्याशेजारी १६ बिटांचा पोर्ट-क्रमांक असतो. समजा, कक्षातील दोन संगणकांचे पत्ते १९२.१६८.१.१२ आणि १९२.१६८.१.१७ आहेत, आणि राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता २०३.०.११३.७ आहे. (हा शेवटचा पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे.) दोघांनी एकाच सर्व्हरकडे मागणी केली आणि योगायोगाने दोघांनीही स्वतःचा पोर्ट ५१००० घेतला. पहिल्याचे पॅकेट बाहेर पडताना राऊटर पाठवणाऱ्याचा पत्ता २०३.०.११३.७ करतो, पोर्ट ५१००० तसाच ठेवतो आणि तक्त्यात ओळ लिहितो. दुसऱ्याचे पॅकेट आले, तेव्हा ५१००० गुंतलेला आहे. म्हणून त्याचा पोर्ट बदलून, समजा, ४०००१ करतो आणि दुसरी ओळ लिहितो. सर्व्हरला वाटते की एकाच संगणकाशी आपली दोन संभाषणे चालू आहेत. ४०००१ वर उत्तर आले की राऊटर तक्ता पाहतो, पत्ता १९२.१६८.१.१७ आणि पोर्ट ५१००० करून पॅकेट आत सोडतो. ४०५०० वर काही आले आणि तशी ओळ नसली, तर पॅकेट टाकून देतो.

इथे टिपणाबद्दलचा पहिला आक्षेप नोंदवायला हवा. त्याचा मुख्य भर पोर्ट बदलण्यावर नाहीच. त्यात बाहेरच्या थोड्या पत्त्यांचा एक साठा कल्पिला आहे, आणि बाहेर बोलू इच्छिणाऱ्या संगणकाला त्यातला एक पत्ता तेवढ्यापुरता द्यायचा आहे. यामागचे गृहीतक असे, की संस्थेतल्या संगणकांपैकी फार थोडेच एका वेळी बाहेर बोलत असतात आणि कित्येक तर कधीच बाहेर बोलत नाहीत. १९९४ पूर्वीच्या जगाचे ते बरोबर वर्णन होते. पण मोझॅक हा ब्राउझर १९९३ साली निघाला होता, आणि लवकरच बाहेर न बोलणारा संगणक शोधून सापडेना. पत्त्यास पत्ता हा हिशेब पुरेना, म्हणून पोर्टसकट बदल करणारा प्रकार सर्वत्र पसरला. त्याची व्यवस्थित परिभाषा ऑगस्ट १९९९ च्या २६६३ क्रमांकाच्या टिपणात आली आणि १६३१ ची जागा जानेवारी २००१ मध्ये ३०२२ ने घेतली. म्हणजे आज घराघरांतल्या राऊटरमध्ये जे चालते, ते या टिपणाच्या गृहीतकाच्या पराभवातून निघाले आहे.

टिपणाचा सर्वांत वाचनीय भाग मात्र यंत्रणेच्या तपशिलाचा आहे, आणि गणिताच्या शिक्षकांनी तो अवश्य पाहावा. प्रत्येक पॅकेटवर ताळा पाहण्यासाठी एक संख्या लिहिलेली असते. पॅकेटमधील मजकूर १६-१६ बिटांच्या शब्दांत तोडून त्यांची बेरीज करायची, हातचा शिल्लक राहिला तर तो पुन्हा बेरजेत मिळवायचा, आणि आलेल्या संख्येची पूरक संख्या लिहायची. आपल्या जुन्या नवाच्या ताळ्याचाच हा भाऊ. दशमान पद्धतीत पाया १०, म्हणून ताळा ९ ने. इथे पाया ६५,५३६, म्हणून ताळा ६५,५३५ ने. नवाच्या ताळ्याचा दोषही यात उतरला आहे. ७२ ऐवजी २७ लिहिले तरी नवाचा ताळा जुळतो, तसे इथे दोन शब्दांची अदलाबदल झाली तर पकडली जात नाही.

आता राऊटरने पत्ता बदलला की ताळा चुकणार. पूर्ण पॅकेटची बेरीज पुन्हा करायची का? गरज नाही. एका विषयाचे गुण फेरतपासणीत वाढले, तर आपण एकूण गुण पहिल्यापासून मांडत नाही. फरक तेवढा मिळवतो. १९२.१६८.१.१२ या पत्त्याचे दोन शब्द ४९,३२० आणि २६८. नव्या पत्त्याचे ५१,९६८ आणि २८,९३५. फरक २,६४८ आणि २८,६६७, मिळून ३१,३१५. बेरीज एवढ्याने वाढली. पॅकेटवर पूरक संख्या असते, म्हणून तिथून एवढेच वजा. टिपणात यासाठी सी भाषेतला छोटा कार्यक्रमही दिला आहे. बारावीच्या मुलांना तो वाचता यावा.

गोम पुढे आहे. असे दोन ताळे असतात. एक आयपीच्या मथळ्याचा, जो वाटेतल्या राऊटरने पाहावा असाच असतो. दुसरा टीसीपीचा, म्हणजे दोन टोकांच्या आपसातल्या कराराचा. टीसीपीच्या ताळ्यात दोन्ही टोकांचे पत्तेही मोजलेले असतात. पत्र चुकीच्या माणसाच्या हाती पडले तर ते टोकाला कळावे, हा त्यातला हेतू. पत्ता बदलणाऱ्या राऊटरला म्हणून तोही ताळा बदलावा लागतो. म्हणजे ज्याने फक्त पाकीट पुढे द्यायचे, तो आतल्या सही-शिक्क्याला हात लावतो, आणि तेही दोन्ही टोकांना पत्ता न लागू देता.

फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत, एफटीपीत, तर याहून पुढे जावे लागते. त्यात संगणक स्वतःचा पत्ता मजकुरातच अंकांनी लिहून समोरच्याला कळवतो. पाकिटावरचा पत्ता बदलला आणि आत ‘मला १०,०,०,५ वर पाठवा’ असे राहिले, तर उपयोग नाही. म्हणून राऊटर पत्र उघडून मजकूर बदलतो. १०,०,०,५ लिहायला स्वल्पविरामांसह ८ अक्षरे लागतात. २०३,०,११३,७ लिहायला ११. मजकूर तीन अक्षरांनी लांबला. टीसीपी प्रत्येक अक्षराला अनुक्रमांक देत असल्यामुळे त्या संभाषणातील पुढच्या प्रत्येक जाणाऱ्या पॅकेटचा क्रमांक तीनाने वाढवायचा आणि येणाऱ्या पोचपावतीचा तीनाने कमी करायचा, संभाषण संपेपर्यंत. एगेवांग यांनी हे सारे एका राऊटरमध्ये प्रत्यक्ष करून दाखवले आणि टेलनेट व एफटीपी यांवर तपासले. कारागिरी म्हणून आम्हांला याचे कौतुक वाटते. पण कारकुनाला पत्र उघडून खाडाखोड करावी लागते, हे लक्षण चांगले नव्हे.

आणि लेखकांना ते ठाऊक होते. टिपणाचा प्रामाणिकपणा हा त्याचा मोठा गुण आहे. पत्त्याचे दोन टोकांमधले महत्त्व या पद्धतीने नाहीसे होते आणि त्याची भरपाई म्हणून जाळ्याच्या मध्ये जास्त स्मरण ठेवावे लागते, असे ते स्वच्छ सांगतात. ज्या मजकुरात पत्ता किंवा पत्त्यावरून काढलेली संख्या आहे तो सांकेतिक करून पाठवता येणार नाही, हेही सांगतात. सीलबंद पत्रात कारकून खाडाखोड कशी करणार? एखादा संगणक आगळीक करीत असेल, तर लपलेल्या पत्त्यामुळे तो शोधणे अवघड जाईल, हाही इशारा आहे. आणि शेवटी, ही योजना दीर्घकाळासाठी योग्य नाही, कदाचित थोड्या काळासाठीही योग्य ठरणार नाही, प्रत्यक्ष वापरूनच ते कळेल, अशी कबुली आहे. स्वतःच्या कल्पनेविषयी इतके सावध शब्द संशोधकांच्या लेखनात वारंवार आढळत नाहीत.

मग चुकले काय? आमच्या वाचनाप्रमाणे लेखकांनी गुणांची यादी केली, दोषांची यादी केली, पण दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या नाहीत. गुणांमध्ये पहिला हा, की नॅट बसवायला कोणाला विचारावे लागत नाही. आतले संगणक बदलायचे नाहीत, बाहेरचे राऊटर बदलायचे नाहीत. ज्याला हवे त्याने आपल्या दारात एक पेटी बसवावी. दोषांमध्ये मुख्य हा, की दोन टोकांना थेट बोलण्यात अडथळा येतो. आता प्रश्न करावा : फायदा कोणाला आणि तोटा कोणाला? फायदा पेटी बसवणाऱ्याला, त्याच दिवशी. तोटा मात्र पुढे कधी तरी, दुसऱ्याच कोणाला. जो दोन संगणकांना थेट बोलायला लावणारा एखादा नवा कार्यक्रम लिहू पाहील त्याला. अशी योजना तात्पुरती कशी राहील? ती काढून टाकण्यात बसवणाऱ्याचा काहीच लाभ नाही, आणि ज्याचा लाभ आहे त्याच्या हातात ती नाही. उलट खऱ्या उपायाची, म्हणजे नव्या आवृत्तीची, गत नेमकी विरुद्ध. तिचा फायदा मिळायला दोन्ही टोकांनी बदलायला हवे. पहिल्याने बदलून त्याच्या पदरात काही पडत नाही. आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये टिपणरूपात आली. नॅटने तिला वेळ मिळवून दिला असे म्हणतात. तिची निकड काढून घेतली असेही म्हणता येईल.

दुसरी उणीव तपासणीची. टेलनेट आणि एफटीपी चालले, म्हणून अडचण मर्यादित दिसली. पण जुने कार्यक्रम चालतात का ही अर्धी कसोटी झाली. कोणते नवे कार्यक्रम जन्मालाच येणार नाहीत, ही दुसरी अर्धी. हे १९९४ मध्ये कोणाला दिसणे शक्य नव्हते असे मात्र नाही. खासगी पत्त्यांचे गट मार्च १९९४ च्या १५९७ क्रमांकाच्या टिपणाने राखून ठेवले, तेव्हा चारच महिन्यांत १६२७ क्रमांकाच्या टिपणाने त्यावर हरकत घेतली. ‘१० क्रमांकाचे जाळे घातक समजावे’ असे तिचे शीर्षकच होते. प्रत्येक पत्ता जगात एकमेव असणे हा इंटरनेटचा पाया आहे, दोन संस्था एकत्र आल्या आणि दोघींचे खासगी पत्ते तेच निघाले तर काय, असे तिचे म्हणणे. हरकत टिकली नाही. फेब्रुवारी १९९६ च्या १९१८ क्रमांकाच्या टिपणाने ते गट कायम केले. नोव्हेंबर २००० मध्ये टोनी हेन यांनी २९९३ क्रमांकाच्या टिपणात सर्व परिणामांची झाडाझडती घेतली. त्यातला एक मुद्दा शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूळ रचनेत संभाषणाची स्मृती फक्त दोन टोकांपाशी होती. मधला राऊटर बंद पडला आणि पॅकेटे दुसऱ्या वाटेने गेली, तरी संभाषण तुटत नसे. नॅटमध्ये वही मध्ये आहे. वीज गेली, राऊटर पुन्हा सुरू झाला, वही कोरी. चालू संभाषणे तुटली.

वहीची पाने तशीही फार दिवस ठेवत नाहीत. कायमची जोडणी न करणाऱ्या यूडीपी पद्धतीत संभाषण कधी संपले हे राऊटरला कळायला मार्ग नसतो, म्हणून थोडा वेळ शांतता राहिली की तो ओळ पुसतो. ती दोन मिनिटांच्या आत पुसू नये, पाच मिनिटे ठेवल्यास बरे, असा संकेत २००७ साली ठरला. त्यामुळे संदेशाची वाट पाहत बसलेल्या कार्यक्रमाला अधूनमधून ‘मी आहे’ एवढेच सांगणारे रिकामे पॅकेट पाठवत राहावे लागते. मोबाइलची बॅटरी त्यातही खर्च होते.

दोघेही अशा वहीमागे असले तर ते बोलतात कसे? आधी दोघांनी बाहेरच्या एका त्रयस्थाला पत्र लिहून विचारायचे : माझ्या पाकिटावर तुम्हांला कोणता पत्ता आणि कोणता जावक क्रमांक दिसतो? उत्तर आले की ते क्रमांक एकमेकांना कळवायचे, आणि दोघांनी एकाच सुमारास एकमेकांना पत्र टाकायचे, म्हणजे दोन्ही वह्यांत ओळी तयार होतात. हे ‘स्टन’ नावाचे तंत्र मार्च २००३ मध्ये टिपणरूपात आले. ते सर्वत्र चालत नाही. काही राऊटर प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवा जावक क्रमांक देतात. मग मध्यस्थामार्फत सारा मजकूर फिरवायचा. या सर्व खटपटीची पद्धतशीर मांडणी करणारे २०१० सालचे टिपण शंभराहून अधिक पानांचे आहे. दहा पानांच्या सोयीला वळसा घालायला शंभर पाने लागली. आजचे व्हिडिओ-संभाषण चालते ते याच्या जोरावर, हेही खरे.

नॅटमुळे सुरक्षितता मिळते, हे विधान शिकवताना फार जपून करावे. न मागितलेले पॅकेट टाकून दिले जाते, हा वहीत ओळ नसल्याचा परिणाम आहे. तेच काम पत्ता न बदलता संभाषणांची नोंद ठेवणारा साधा पहारेकरी कार्यक्रम, म्हणजे फायरवॉल, करू शकतो. आणि आतल्या माणसाने फसव्या दुव्यावर स्वतःच टिचकी मारली, तर वहीत ओळ रीतसर लिहिली जाते. नॅटला त्यात वावगे काही दिसत नाही.

पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. आपला भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो, त्याचा मुक्त साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या राखीव ठोकळ्यापर्यंत आला. त्यानंतर सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्याकडेही मोठी नॅट बसवली. शाळेच्या वहीनंतर आणखी एक, तालुक्याच्या कार्यालयातली वही म्हणा ना. यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा ४१,९४,३०४ पत्त्यांचा गट वेगळा काढला गेला. आपल्या राऊटरच्या पानावर ‘बाहेरचा पत्ता’ या गटातला दिसला, तर आपण दोन वह्यांमागे आहोत हे ओळखावे.

इथे प्रश्न तांत्रिक राहत नाही. शाळेच्या वहीत मुख्याध्यापकांना स्थायी आदेश लिहिता येतो : अमुक क्रमांकावर आलेले पत्र विनाचौकशी विज्ञानाच्या सरांकडे द्यावे. राऊटरमध्ये याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. समजा, एखाद्या शाळेने गच्चीवर पर्जन्यमापक बसवला, त्याची तासागणिक नोंद आपल्याच जुन्या संगणकावर ठेवली, आणि शेजारच्या तालुक्यातील शाळांनी ती थेट पाहावी अशी इच्छा धरली. एक वही असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. दोन असतील तर शाळेच्या हातात काही नाही, कारण दुसरी वही तिची नव्हे. नोंदी कोणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर नेऊन ठेवाव्या लागतात. मुलांच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे जिथून घ्यायचे ती जागा. आपल्या संगणकाकडे कोणी काही मागू शकेल, ही कल्पनाच त्यांच्या अनुभवात येत नाही. शिवाय एका पत्त्यामागे शेकडो लोक असतात. एकाने आगळीक केली आणि कोणी तो पत्ता बंद केला, तर सारेच बंद. चौकशी करणाऱ्यालाही नुसता पत्ता पुरत नाही. पोर्ट आणि नेमकी वेळ लागते. म्हणून सर्व्हरनी पोर्टचीही नोंद ठेवावी, अशी शिफारस २०११ साली करावी लागली. लेखकांचा १९९४ चा इशारा इथे शब्दशः खरा झाला.

आता त्या लांबलचक उत्तराकडे. ज्यांना प्रयोगात अक्षरे आणि अपूर्णविराम असलेला पत्ता दिसला, ते सहाव्या आवृत्तीवर आहेत. तिचा पत्ता १२८ बिटांचा. भारतात तिचा प्रसार मोठा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या मोबाइल जाळ्याने तिला वेग दिला, आणि गूगलच्या मोजणीत भारतातून होणाऱ्या निम्म्याहून अधिक वापरात ती असते. ज्या संकेतस्थळांना ती अजून येत नाही, तिथे जाताना मध्ये भाषांतर होतेच. पण जिथे दोन्ही टोके सहाव्या आवृत्तीवर आहेत, तिथे पत्ता खोडायची गरज उरत नाही.

तरीही असा पत्ता मिळालेल्या शाळेत पर्जन्यमापकाचा संगणक लगेच बाहेरून दिसेल असे नाही. घरगुती राऊटरने न मागितलेली पॅकेटे आरंभी अडवावीत, अशी शिफारस सहाव्या आवृत्तीसाठीही जानेवारी २०११ मध्ये झाली, आणि बहुतेक राऊटर तसेच येतात. फरक एवढा, की इथे दार बंद आहे ते कोणी तरी बंद ठेवले म्हणून. राऊटरच्या सेटिंगमध्ये फायरवॉलचे पान असेल, तर त्या एका संगणकापुरते आणि एका पोर्टापुरते ते उघडता येते. मग दुसऱ्या शाळेतून, त्यांच्याकडेही सहावी आवृत्ती असल्यास, तो पत्ता टाकून पाहावा. काही ठिकाणी सेवा देणारी कंपनी स्वतःच मध्ये अडवते. तसे असल्यास तिला लेखी विचारावे, आणि पत्राचा जावक क्रमांक जपून ठेवावा.